गुरुवारचा बेलभंडार

बैठक रविवारी घ्यायची की गुरुवारी, यावरून थेरगावच्या त्या घरात आठवडाभर डोकेफोड चालली होती. छबूआत्याचं म्हणणं असं, की बेलभंडार उचलून शपथ घ्यायची तर ती खंडोबाच्या वारीच घ्यावी, म्हणजे रविवारी. पण थेरगावात आता देवाचा वार वेगळा आणि कंपनीचा वेगळा झाला होता. कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आणि ज्याच्यासाठी बैठक बसायची तो ज्योतीराम रविवारी पहिल्या शिफ्टला. शेवटी त्याच्या थोरल्या भावानं, दत्तोबानं, निकाल दिला.

“गुरुवारी देव काय गावाला जात न्हाई,” तो म्हणाला. “गुरुवारीच बसू.”

आत्या फुगून बसली. फुगायला तिला एवढं निमित्त पुरायचं. भाच्यांचे तंटे मिटवायला म्हणून ती चिंचवडहून यायची आणि एखादा नवा लावून जायची.

यशोदाबाईनं, म्हणजे दत्तोबाच्या बायकोनं, सकाळीच पडवी सारवून सतरंजी अंथरली. देव्हाऱ्यातल्या डब्यातून पितळी ताटलीत भंडार काढला, वर बेलाची पानं ठेवली. आज शपथ ज्योतीराम घेणार होता, पण शब्द तिला द्यायचा होता.

ज्योतीरामची बायको सुमन दिवाळीच्या तोंडावर तळवड्याला माहेरी निघून गेली, ती होळी झाली तरी परतली नव्हती. तिच्या बापानं, चिमाजीनं, परवा निरोप धाडला होता. ‘जावयाला भंडार उचलू द्या. पण तेवढ्यावर मी पोर धाडणार न्हाई. यशोदाबाई म्हणाल्या की धाडा, मी जबाबदार, तरच धाडीन.’

चिमाजीचं चुकत नव्हतं. यशोदाबाई या घरात नवरी म्हणून आली त्याच साली तिची सासू गेली, आणि रांगता ज्योतीराम तिच्या कडेवर आला. तो पुढं कडेवरून उतरलाच नाही, असं दत्तोबा चिडला की म्हणायचा. ज्योतीरामला आतून-बाहेरून ओळखणारं माणूस म्हणजे त्याची वैनी, अशी सगळ्या भावकीची खात्री होती. वैनीला मात्र तशी खात्री नव्हती, आणि अलीकडं तर तिला काहीच समजेनासं झालं होतं.

आता माणूस वाईट म्हणावा, तर आळीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला हजर ज्योतीराम. गरिबाच्या लग्नात रात्रंदिवस राबणारा ज्योतीराम. बोलायला लागला की समोरचा पाघळलाच म्हणून समजा. पण डांगे चौकाकडच्या रस्त्यावर चांदभाईचं सायकलचं दुकान होतं. त्या चांदभाईला त्यानं दोन वर्षं सख्खा भाऊ मानलं, ईदेला त्याच्या घरी जेवला, त्याच्या लेकराला खांद्यावर घेऊन गावभर फिरला. आणि एकदा चांदभाईनं गडबडीत हाकेला ओ दिली नाही, तेव्हापासून त्याचं नाव घरात काढायची सोय उरली नाही. चांदभाई बिचारा आजही यशोदाबाईला विचारतो, “भाभी, मेरा क्या चुक्या, तेवढं सांगा.” तिला ते सांगता येत नाही.

कंपनीत तेच. जमीन गेली त्या बदल्यात त्याला नोकरी लागली होती. फोरमन म्हणजे देवमाणूस, असं म्हणता म्हणता एक दिवस फोरमननं रजा नाकारली आणि ज्योतीराम स्पॅनर घेऊन देवमाणसाच्या अंगावर धावला. तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं त्याला पुण्याला मनाच्या डॉक्टरकडं धाडलं. सोबत यशोदाबाई गेली होती, आणि आज पाहुणे यायच्या आधी नानासाहेबांनी नेमका तोच विषय काढला.

नानासाहेब भावकीतले वडीलधारे, विकास सोसायटीचे माजी चेअरमन. ते बसतील तिथं मीटिंग भरायची.

“यशोदाबाई, तो पुण्याचा डॉक्टर काय म्हणाला, ते एकदा सगळ्यांम्होरं सांगा. आमाला नीट कळू द्या.”

पदर सावरून ती दाराआडून म्हणाली, “वेड न्हाई म्हणाले. डोकं शाबूत हाय. आजार हाय तो स्वभावालाच हाय, म्हणाले.”

“स्वभावाला आजार?” नानासाहेब दत्तोबाकडं बघून हसले. “ताप येतो का स्वभावाला?”

“त्यांनी मला लई इचारलं,” यशोदाबाई आठवत आठवत सांगू लागली. “माणूस एक तर देव न्हाई तर राक्षस, मधलं कायच न्हाई, असं हाय का? आपल्याला सोडून जातील म्हणून जिवाचा थरकाप होतो का? राग आला की आवरत न्हाई, आणि उतरला की झालंच न्हाई असं वागतो का? चुकलं तर नेहमी दुसऱ्याचंच चुकतं का? संशय घेतो का? मी सगळ्याला व्हय म्हणाले.”

“मग आमच्या घरातलं प्रत्येक माणूस आजारी हाय की!” छबूआत्याचा फुगा फुटला. “संशय? संशय ह्या नानाला काय कमी हाय? बायको माहेरी गेली की मागनं बघायला जायचा. आणि राग म्हणशील तर तुझा नवरा काय थंड गोळा हाय व्हय?”

“आणि स्वतःचं कधीच चुकत न्हाई, असं माणूस तर माझ्यासमोरच बसलंय,” नानासाहेबांनी आत्याला हाणलं.

सगळे हसले. यशोदाबाईलाही हसू आलं आणि मग तिचा गोंधळ आणखी वाढला. तिनं त्या दिवशी हेच डॉक्टरला विचारलं होतं, की साहेब, हे तर समद्यांतच थोडं थोडं असतं. डॉक्टर म्हणाले होते, ‘बरोबर आहे बाई. थोडं सगळ्यांत असतं. पण तुम्ही चूक झाली की एखादे वेळी तरी थांबता, वळता. काही माणसांना वळताच येत नाही. लहानपणापासून घडी तशी पडलेली असते, आणि तिच्यापायी ती स्वतःही पोळतात आणि जवळच्यांनाही पोळवतात.’ ह्यावर गोळी काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, गोळी नाही. पुष्कळ दिवस येऊन बसावं लागेल, बोलावं लागेल. ज्योतीराम एकदा गेला. येताना तो डॉक्टरला देवमाणूस म्हणत होता. पुढच्या खेपेला डॉक्टरनं थोडं बाहेर ताटकळत बसवलं, आणि तो विषयही मिटला.

“लाड,” दत्तोबा म्हणाला. त्याचं निदान ठरलेलं होतं. “हिनं लाड केले, दुसरं काय न्हाई.”

“करणी हाय,” आत्या म्हणाली. “म्या कधीची सांगते.”

एवढ्यात अंगणात चिमाजी आला. मागं सुमन, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. पिशवी बघून यशोदाबाईच्या ध्यानात आलं, की पोरगी राहायच्या तयारीनं आली आहे. सुमननं सगळ्यांच्या पाया पडताना तिच्याही पायाला हात लावला, पण वर बघितलं नाही. एके काळी दोघी जावा एका पाटीतली भांडी घासायच्या नि खिदळायच्या. गेलं वर्षभर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

ज्योतीराम आतून बाहेर आला तो स्वच्छ पांढरा सदरा घालून. सासऱ्याच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं, स्वतः तांब्या भरून आणला, स्वतः पाय धुवायला पाणी ओतलं.

“मामा, तुमी वाळलात,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखरच भरले. “माझ्यापायी झालं हे.”

चिमाजी घरून काय काय बोलायचं ठरवून आला असेल ते देव जाणे. त्याचं मन पातळ झालेलं पडवीतल्या सगळ्यांना दिसलं. यशोदाबाईचंही झालं. हे लेकरू वाईट असूच शकत नाही, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

“तर मग सुरू करू,” नानासाहेब म्हणाले. “ज्योतीराम भंडार उचलील, की बायकोला आजपासनं कोंडणार न्हाई, तिच्यावर हात टाकणार न्हाई. आण गं ताटली.”

यशोदाबाईनं ताटली आणून मध्ये ठेवली आणि सहज तिची नजर सुमनकडं गेली. ताटली बघताच सुमनचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं मान भिंतीकडं फिरवली. देवाच्या भंडाराकडं पाठ करावी असं काय झालं, हे यशोदाबाईला उमगेना.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “पोरगी उन्हातनं आलीया. पाणी प्यायला देते.”

आत चुलीपाशी नेऊन तिनं सुमनला बसवलं. “भंडार बघून तोंड का फिरवलंस गं?”

सुमन हळूच म्हणाली, “त्यांनी माझ्यापुढं एकदा उचललाय तो.”

“कशासाठी?”

“ते सांगायचं नसतं, आक्का. तुमीच शिकवलंय.”

ही या घराण्याची जुनी रीत होती. बेलभंडार उचलून एखाद्यानं काही सांगितलं, की ऐकणाऱ्यानं ते तिसऱ्याकडं न्यायचं नाही आणि खरं-खोटं करायलाही जायचं नाही. खातरजमा करणं म्हणजे देवावरच संशय घेणं. सासूनं यशोदाबाईला सांगितलं, तिनं सुमनला सांगितलं. आजवर कुणी ही रीत मोडली नव्हती.

पण ज्योतीरामनं भंडार यशोदाबाईपुढंही उचलला होता, आणि तीही आजवर एक शब्द बोलली नव्हती.

“सांग,” ती म्हणाली. “पाप लागलं तर मला लागंल.”

सुमननं पदराचं टोक मुठीत धरलं. “माझं पोटातलं गेलं, तवा तुमी म्हणाला होता म्हणं, की बरं झालं गेलं, हिचं पोर ह्या घरात नकोच.”

यशोदाबाई तिच्या पुढ्यात येऊन बसली. त्या दिवसांत तिनं सुमनला स्वतःच्या हातानं शेकलं होतं, डिंकाचे लाडू करून खोलीत नेऊन दिले होते. “म्हणून तू ते लाडू गोठ्यामागं टाकलेस?”

“कशी खाणार, आक्का?”

“आणि मला ज्योती म्हणाला, तू म्हणतीस की आक्का खाण्यातनं कायतरी घालती. भंडार उचलून म्हणाला. मला ते खरं वाटंना. मग गोठ्यामागं लाडू सापडले आणि वाटलं, खरंच की!”

बाहेर नानासाहेब कसल्याशा निवडणुकीची हकीकत सांगत होते.

“मग त्या दिवशी, त्यानं तुला खोलीत कोंडलं,” यशोदाबाई म्हणाली, “मला म्हणाला, सुमन तळवड्याला गेली, म्हणून कुलूप हाय. मी दिवसभर घरातच हुते गं. दारावरनं चार वेळा गेले असंन.”

“मला ऐकू येत हुतं. तुमी कळशी ठेवलेली ऐकू आली. गुणगुणत हुता तुमी. मला वाटलं, तुमाला ठाव हाय, तुमीच सांगितलं असंल कोंडायला. मग हाक कुणाला मारू?”

यशोदाबाईनं तिचा हात धरला. तिला रडू फुटलं, संतापही आला, आणि ह्या दोन्हींच्या वर तो मेला गोंधळ. “पण त्याला ह्यातनं मिळालं काय? जमीन न्हाई, दागिना न्हाई. कशापायी केलं त्यानं?”

“मला न्हाई कळत. त्या दिवशी शिफ्टवरनं आले, कुलूप काढलं, माझ्यासाठी गजरा आणला हुता. म्हणाले, तू मला सोडून जाशील ह्या भीतीनं कोंडलं. रात्रभर पाय दाबत हुते माझे. आणि आक्का, ते भंडार उचलताना रडत हुते हो. खोटं बोलणारं माणूस असं रडतं का?”

“माझ्यापुढंही रडला.”

सुमननं डोळे पुसले. “मी येते, आक्का. तुमी शब्द द्या. धाकटीला चिखलीचं स्थळ आलंय. थोरली घरात बसलेली दिसली तर ती लोकं पाय मागं घेतील. आणि आता तुमी माझ्या बाजूच्या झालात. आपुन दोघी मिळून निभावू.”

यशोदाबाईला हे पटलं. अगदी मनापासून पटलं. दोघी एक झाल्यावर तो काय करणार? ती हो म्हणायला तोंड उघडणार, तोच तिला पडवीतले ज्योतीरामचे भरलेले डोळे आठवले आणि ते बघून आपलं मन कसं विरघळलं तेही आठवलं. उद्या हाच पोरगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला आणि सुमनबद्दल काहीबाही म्हणाला, तर? आपण पुन्हा विश्वास ठेवू. रीत असो नसो, भंडार असो नसो, आपण ठेवणारच. ते तिला स्वच्छ दिसलं. बाकी सगळ्याचा गोंधळ होता, एवढ्याचा नव्हता.

ती उठली आणि बाहेर आली, मागोमाग सुमनही.

“व्हय का मग?” चिमाजीनं हात जोडले. “तुमचा शब्द द्या, बाई.”

“आधी माझं एक ऐका,” यशोदाबाई म्हणाली. भावकीपुढं दाराआडून बोलायची तिची सवय. आज ती सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहिली. ज्योतीरामनं तिच्यापुढं काय उचललं आणि सुमनपुढं काय उचललं, ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

“यशोदे!” आत्या किंचाळली. “उचललेला भंडार बोलून दाखवतीस? अगं, वाटोळं होईल घराचं!”

“अहो,” यशोदाबाईनं नवऱ्याला विचारलं, “तुमच्यापुढं काय उचललं हुतं त्यानं?”

दत्तोबानं मान खाली घातली. सतरंजीचा दोरा उपसत तो म्हणाला, “सुमन वेगळी चूल मागतीया म्हणाला. तिचा बाप तिला शिकवतोय, म्हणाला. म्हणून तर मी दिवाळीला इवायांना बोलावलं न्हाई.”

“मी?” चिमाजी उठून उभाच राहिला. “माझ्या तोंडात असली भाषा न्हाई, दत्तोबा!”

आणि मग छबूआत्या, जिला घराच्या वाटोळ्याची एवढी काळजी, तीच हळूच म्हणाली, “माझ्यापुढं पण उचललाय. यशोदा म्हणती, ही म्हातारी चिंचवडलाच मरंल तर बरं.”

सगळ्यांनी ज्योतीरामकडं बघितलं. ताटलीतलं बेलाचं पान त्यानं केव्हाच हातात घेतलं होतं. यशोदाबाईला वाटलं, आता तो खाली मान घालील, पाया पडेल. तो एकेकाकडं बघत गेला. त्याच्या तोंडावर लाज नव्हती. होतं ते आश्चर्य, आणि मग त्याचा पारा चढला.

“एक झालात व्हय सगळे?” तो ओरडला. “माझ्याविरुद्ध? मी कुणासाठी जीव टाकला? तुमच्यासाठी! माझ्या पाठीमागं बसून हेच केलंत?”

“अरे, पण खोटी शपथ?” नानासाहेब म्हणाले. “खंडोबाची?”

“खोटी न्हवती!” त्याचा आवाज फाटला, डोळे वाहायला लागले. “मला तवा खरंच तसं वाटत हुतं, नाना. देवाची आण. वैनीनं त्या दिवशी सुमनला जेवायला आधी वाढलं, मला मागनं. मला वाटलं, दोघी एक हायेत, मला टाकून देणार. मला दम निघंना. तुमाला कुणाला काय ठाव, कसं हुतं ते!”

तो खरं बोलत होता. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते जाणवलं आणि प्रत्येकाची पंचाईत झाली. खोटारड्याला बदडता येतं. दत्तोबानं मूठ वळली होती ती सुटली. आत्या म्हणाली, हे लागीरच आहे, उद्याच देवऋषी बघा. चिमाजी म्हणाला, पश्चात्ताप झालाय पोराला. दत्तोबा म्हणाला, कसला पश्चात्ताप, नाटक. आत्ता भाच्याच्या बाजूनं असलेली आत्या घटकेत चिमाजीवर घसरली, की तुझ्याच पोरीच्या पायगुणानं झालं हे. मग चिमाजी दत्तोबाच्या बाजूला सरकला.

शेवटी नानासाहेबांनी हात वर केला. अडचणीतून वाट काढल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

“चूक कुटं झाली सांगतो. त्यानं एकेकट्यापुढं उचलला. म्हणून घोटाळा झाला. आज सगळ्यांपुढं उचलू दे. मग कसा फिरंल?”

“व्हय, हे बराबर हाय,” चिमाजी म्हणाला. दत्तोबानंही मान डोलावली. आत्या म्हणाली, “तरी रविवार असता तर बरं झालं असतं.”

यशोदाबाई थक्क होऊन बघत राहिली. तिच्या डोळ्यांदेखत ज्योतीरामनं डोळे पुसले, ताटलीतून मूठभर भंडार घेतला, बेलाचं पान कपाळाला लावलं आणि भरल्या आवाजात शपथ घेतली. सुमनला फुलासारखी जपीन. इतकं गोड, इतकं मनापासून, की आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

“बोला, यशोदाबाई,” नानासाहेब म्हणाले.

“मी जबाबदार न्हाई,” यशोदाबाई म्हणाली.

“म्हंजी?”

“चिमाजीदादा, सुमनला धाडू नका. तो आज खरं बोलतोय, उद्याही खरंच बोलंल. त्याला काय हाय ते मला कळत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं, तरी निम्मंच कळलं. पण तो माझ्याजवळ येऊन रडला, की मी त्याचं ऐकते. लहानपणापासनं ऐकत आले. उद्या पुन्हा सुमनला कोंडलं, तर मी दारावरनं पुन्हा तशीच जाईन, त्यानं सांगितलंय त्यावर भरवसा ठेवून. तवा माझा शब्द घेऊ नका. तो काय कामाचा न्हाई.”

“वैनी,” ज्योतीराम म्हणाला. “तू माझी आई हाईस.”

“हाय.”

“मग असं?”

चिमाजी भडकला होता. “आणि माझ्या धाकटीचं काय, बाई? चिखलीच्या लोकांना काय सांगू? पोरगी नवऱ्यानं टाकली म्हणून?”

“ते बघायला येतील तवा मला निरोप धाडा. मी येऊन बसते त्यांच्याम्होरं. सांगते, की सुमनचं कायच चुकलं न्हाई, दोष आमच्या घराचा हाय. थोरल्या जावेनं सांगितल्यावर तरी ऐकतील.”

“घराची अब्रू वेशीवर टांगणार तू?” दत्तोबा ओरडला.

सुमननं पिशवी उचलली. जाताना ती यशोदाबाईच्या पाया पडली आणि या खेपेला वर बघितलं. ती सुटली म्हणून निवली होती की दार बंद झालं म्हणून खचली होती, हे तिच्या तोंडावरून ओळखता येईना. बाप पुढं, लेक मागं, दोघं उन्हात चालते झाले. नानासाहेब पायात वहाणा सरकवत म्हणाले, “बायकांच्या हातात मीटिंग दिली की असं होतं.” आत्या यशोदाबाईशी न बोलता त्यांच्यामागून निघाली. दत्तोबा गोठ्याकडं गेला.

ज्योतीराम खोलीत जाऊन पडला. यशोदाबाई चुलीपुढं बसली आणि वाट बघू लागली. आता हा विहिरीकडं धावेल, असं तिला वाटत होतं. मागं एकदा सुमन नुसती पंचमीला जाते म्हणाली तर तो कठड्यावर जाऊन उभा राहिला होता. नाहीतर आपल्यावर धावून येईल. चांदभाईसारखी आपलीही पाळी आली, हा पोरगा यापुढं आपल्याला हाक मारणार नाही, असं मनात येऊन तिनं पदर तोंडात कोंबला. भाकरी करपली, तिला वासही आला नाही.

“वैनी, भूक लागलीया.”

ती दचकली. ज्योतीराम दारात उभा. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. तो पाटावर येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन हसला.

“आज काय केलंयस? वांगं?”

तिनं मुकाट्यानं वाढलं. तो चवीनं जेवू लागला. दत्तोबाही येऊन टेकला, तर त्यालाही ताट वाढलं.

“बरं केलंस वैनी,” ज्योतीराम म्हणाला. “मला तवाच कळाया पायजे हुतं. ती बाई चांगली न्हवतीच. घरात येऊन तिनं सगळ्यांची मनं फोडली. तू हुतीस म्हणून मी सुटलो. तुझ्यासारखं माणूस न्हाई जगात.”

यशोदाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. सकाळी ज्या सुमनसाठी तो फुलासारखी जपीन म्हणाला, ती तळवड्याला अजून पोचलीही नसेल.

“आता दुसरी बघ माझ्यासाठी,” तो भाकरी मोडत म्हणाला. “तू पसंत करशील ती. तुझ्या वळणाची. दादा, काय?”

दत्तोबा दमलेला दिसत होता. “बघू,” तो म्हणाला. “पुढल्या लगीनसराईत बघू. एकटा माणूस किती दिवस राहणार?”

“मी सांगंन,” यशोदाबाई म्हणाली.

“काय सांगशील?”

“जी पोरगी बघायला जाल, तिच्या बापाला मी सांगंन. आज चिमाजीदादाला सांगितलं, तेच. तुमी मला घरी ठेवून गेलात तर मी मागनं चालत जाईन.”

ज्योतीरामचा घास हातात राहिला. त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग येईल म्हणून ती थांबली, पण राग आला नाही. सासू गेली त्या दिवशी अंगणातल्या गर्दीत ज्याला कुणी उचलून घेत नव्हतं, ते रांगतं पोर जसं एकेकाच्या तोंडाकडं बघत होतं, तसा तो बघत होता.

“मग माझं कोण, वैनी?” तो म्हणाला.

तिला भडभडून आलं. तिनं पळी खाली ठेवली, जवळ सरकली, त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो एवढासा होता तेव्हा फिरवायची तसाच, कानापासून मानेपर्यंत.

“मी हाय की,” ती म्हणाली. “जेव. पण सांगंन मी. प्रत्येकीच्या बापाला सांगंन.”